तुम्ही विचारलंत म्हणून: एआय लावून नेमकं मिळालं काय?

‘तुमच्या फौंड्रीत एआय लावलंय म्हणे. मिळालं काय नेमकं?’ लोखंड ओतून भाग बनवणारा आमचा कारखाना. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत विचारतात, गोकुळ शिरगावात विचारतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो, रिजेक्शन इतक्यावरून इतक्यावर आलं असा. तो मी देत नाही म्हटलं की लोक ठरवून टाकतात, फसलं असणार किंवा ही लपवतेय. दोन्ही नाही. ज्या महिन्यात आम्ही कॉम्प्युटरचा अंदाज बघून साच्यांची वाळू सांभाळायला लागलो, त्याच महिन्यात बंद पडलेला सँड कूलर, म्हणजे वापरलेली गरम वाळू थंड करणारं यंत्र, दुरुस्त होऊन आला. ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून भागात पडणारी भोकं, कमी झाले ते कूलरमुळे किती आणि एआयमुळे किती, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्यांना येतं, त्यांच्याकडून कोटेशन घेताना जरा सांभाळून.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. धूळ ओढणाऱ्या ब्लोअरच्या बेअरिंगवर कंपनाचा सेन्सर लावायचा असेल तर लावून टाका, फार विचार करू नका. भर पाळीत तो ब्लोअर बसला की अख्खी लाइन बसते, आणि बेअरिंग जायच्या आधी काही दिवस कुरकुरत असतं. दोन इंडक्शन भट्ट्या एकदम पूर्ण ताकदीवर गेल्या की मॅक्झिमम डिमांड, म्हणजे विजेची सर्वाधिक मागणी, वर जाते आणि महिनाभराच्या बिलात ती दिसते. ते आधी हेरून एकीला दमानं घ्यायला लावणारा प्रोग्रॅम पैसे वाचवतो. त्याला एआय म्हणायचं की साधं गणित, यात मी पडत नाही. कॅमेऱ्याने तपासणी करायची तर उजेड बसवण्यातच निम्मा जीव जातो. शॉटब्लास्टची (छर्रे मारून केलेल्या सफाईची) चमक, तेलाचा डाग आणि खरा खड्डा यांत तो गल्लत करतो. आमचा कॅमेरा अजूनही चांगले भाग बाजूला काढतो आणि तपासणीच्या बायका ते मुकाट परत ट्रॉलीत टाकतात. सगळ्यांत जास्त वापर होतो तो मात्र चर्चासत्रात कोणी सांगत नाही: ग्राहकाच्या तक्रारीवरचा एटडी (8D) रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि काय केलं याचा आठ पायऱ्यांचा खुलासा, इंग्रजीत लिहून घ्यायला. पलीकडे ग्राहकाचा माणूसही तो एआयलाच वाचायला देत असणार.

खरं उत्तर वाळूत आहे. मी लॅब सांभाळते, त्यामुळे मला असं वाटणारच, हे मान्य. पण एक टन लोखंड ओतायला पाच-सात टन वाळू फिरते, आणि तीच वाळू बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी घालून पुन्हा पुन्हा वापरली जाते. ओलावा थोडा वर गेला की ब्लोहोल, खाली आला की साचाच ढासळतो. अडचण अशी की आज ओतलेला भाग उद्या फेटलिंगला, म्हणजे ग्राइंडरनं घासून साफ करायला, जातो, आठ-दहा दिवसांनी ग्राहकाकडे मशिनिंगला लागतो आणि तिथे बोअर कापताना भोक उघडं पडतं. तोवर त्या दिवशी वाळू कशी होती हे कोणाला आठवणार? भागावरचा हीट नंबर (तो भट्टीच्या कोणत्या ओतीचा, ते सांगणारा), पाळी आणि वाळूचं रजिस्टर यांची गाठ घालणं हे माणसाच्या आवाक्यातलं काम नाही, कॉम्प्युटरच्या आहे. म्हणून तर फौंड्रीवाल्यांच्या एका चर्चासत्रात मी माइक हातात घेऊन म्हणाले होते, ‘डेटा आपल्याकडे आधीपासूनच आहे, फक्त वापरायचाय.’ टाळ्या पडल्या. ती बाई आज समोर आली तर मी तिला खुर्ची देईन आणि आमचं जुनं रजिस्टर हातात ठेवीन.

इथल्याच इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांनी ती रजिस्टरं टाइप करून घेतली. थोड्या दिवसांनी त्यातली एक मुलगी बिचकत विचारायला आली, ‘मॅडम, मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये ओलावा सारखाच कसा?’ कॉम्पॅक्टिबिलिटी, म्हणजे ठोके दिल्यावर वाळू किती टक्के दबते ते; ओलाव्याबरोबर हा आकडा हलायला हवा. रजिस्टरात मात्र 40, 41, 40, 41. एकाच पेनानं, एकाच दमात भरलेली पानं. ज्यानं फौंड्रीत नोकरी केलीय त्याला हे नवीन नाही, तेव्हा उगाच भुवया उंचावू नका. ऑडिटरला नीट आकडे हवे असतात, त्याला ते मिळतात. त्या आकड्यांतून मॉडेलला एकच गोष्ट सापडली: स्टॅगरिंगच्या, म्हणजे विजेसाठी ठरवून दिलेल्या आठवड्याच्या, सुट्टीनंतरची पहिली पाळी वाईट जाते. हॉपरमध्ये पडून राहिलेली वाळू सुकते, हे सँड प्लांटवरच्या मामांना सांगितलं तर म्हणाले, ‘त्याला कशाला कॉम्प्युटर पायजे?’

मामांबद्दल लिहायचं टाळत होते, पण त्यांच्याशिवाय उत्तर पुरं होत नाही. मिक्सरमधून वाळूची मूठ घ्यायची, आवळायची, मधोमध मोडायची आणि मोडलेली कड बघायची, ही त्यांची लॅब. माझी चाचणी वेगळी. वाळू चाळून नळीत भरायची, वरून सपाट करायची, रॅमरचे तीन ठोके द्यायचे आणि उंची किती टक्के बसली ते वाचायचं. बहुतेक वेळा मूठ आणि नळी एकच सांगायच्या. मी त्यांना म्हटलं, मामा, इथून पुढं दर तासाला घ्या आणि जे येईल ते लिहा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘मॅडम, खरं लिवायचं का बरोबर लिवायचं?’

खरं, म्हणाले मी.

‘सही कुणाची?’

माझी.

त्यानंतर रजिस्टर बदललं. 33 आलं, 47 आलं. शेऱ्याच्या रकान्यात आजवर ‘ओके’खेरीज काही नसायचं, तिथं यायला लागलं: ‘वाळू लई गरम, हाताला सोसना.’ ‘पाण्याचा व्हॉल्व्ह अडकतोय.’ ‘कोरचा चुरा जास्त आला.’ (कोर म्हणजे भागातली पोकळी राखायला साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा.) या तिसऱ्या शेऱ्यानं काम केलं. पोरांनी शेरेही मॉडेलमध्ये घातले तेव्हा जे दिसलं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, मामांनाही पुरतं नाही. भरपूर कोर लागणारा एक भाग पहिल्या पाळीत चालायचा. त्याच्या कोरची जळकी वाळू फिरत्या वाळूत मिसळायची, बेंटोनाइटचं प्रमाण उतरायचं, आणि त्याचा फटका काही तासांनी दुसऱ्या पाळीत, दुसऱ्याच भागावर बसायचा. दुसऱ्या पाळीची पोरं विनाकारण शिव्या खात होती, किती वर्षं कोण जाणे. आता तो भाग लागला की बेंटोनाइट आधीच वाढवतो. एआयचा उपयोग काय, याचं माझ्याकडचं सगळ्यांत पक्कं उदाहरण हेच.

मग ग्राहकाचं ऑडिट आलं. ऑडिटर तरुण होता, कामसू होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्यानं वाळूचं रजिस्टर उघडलं, मर्यादेबाहेरचे आकडे बोटानं मोजत गेला आणि विचारलं, ‘यावर कारवाई काय केली?’ पानावर काही नव्हतं. मेजर एनसी, म्हणजे नियम पाळला नाही असा मोठा ठपका. संध्याकाळी मीटिंग झाली. ‘हे असं लिहायला सांगितलं कोणी?’ मी म्हणाले, मी. ‘मग ते तुमच्या डायरीत लिहायचं, कंपनीच्या रजिस्टरला नाही.’ मी कॉलेजच्या पोरांचे आलेख उघडले, कोरच्या चुऱ्याचं दाखवलं. पाचेक मिनिटं ऐकून घेतलं. नंतर चर्चा एनसी बंद करण्यावर गेली, आणि एनसी बंद करायला कारवाई लागते, आणि कारवाईला एक नाव लागतं.

मामांना फेटलिंगला टाकलं. कागदावर कारण होतं, वाळू मर्यादेबाहेर गेली तेव्हा वेळीच दुरुस्ती केली नाही. व्हॉल्व्ह मागणीपत्रावर अडकलेला, कूलर बंद. दुरुस्ती मामांनी मुठीनं करायची होती का? सही माझी होती, बदली त्यांची झाली. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्या वयाच्या माणसाला उभ्यानं ग्राइंडर धरायला लावलं. ते माझ्याशी भांडले नाहीत. चहाच्या वेळी एवढंच म्हणाले, ‘गेटवर बसवा म्हणावं, ग्राइंडरनं रात्री हात झिणझिणत्यात.’ मी दोनदा सांगितलं. निवृत्त होईपर्यंत ते फेटलिंगलाच होते.

राजीनामा का दिला नाही, असं एकानं तोंडावर विचारलं होतं. घराचे हप्ते आहेत, आणि माझ्या जागी जो आला असता त्यानं पहिल्याच दिवशी 40, 41 सुरू केलं असतं. दुसरं कारण मला रात्री पटतं, सकाळी तितकंसं पटत नाही. मीटिंगमध्ये मी बोलले, हे खरं आहे. पाच मिनिटांनंतर गप्प बसले, हेही खरं आहे.

यावर हमखास येणारा सल्ला म्हणजे, ‘माणूस काढा, सेन्सर बसवा, सेन्सर खोटं बोलत नाही.’ मिक्सरमधला ओलाव्याचा प्रोब कधी साफ केलाय का? बेंटोनाइटचा थर चढला की तो दिवसभर एकच आकडा दाखवतो, आणि तो आकडा ऑडिटरला आवडेल इतका सरळ असतो. थर चढलाय हे सांगायला पुन्हा माणूसच लागतो, आणि सांगितलं तर आपलं काही बिघडणार नाही अशी त्याला खात्री लागते. तिचं कोटेशन मला अजून कोणी दिलेलं नाही. आमचे मालक वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. ग्राहक हातचा गेला तर सगळ्यांचीच भाकरी जाते, असं ते म्हणतात, आणि ते खोटं नाही.

आता सँड प्लांटवर आयटीआय झालेला नवीन पोरगा आहे, चुणचुणीत. रजिस्टरला ‘केलेली कारवाई’ असा रकाना वाढवलाय, तो भरलेला असतो. गेल्या काही आठवड्यांत आकडे पुन्हा 40-41च्या आसपास स्थिरावलेत. कूलर चालू असल्यानं वाळू खरंच सुधारली असेल. किंवा पोरगा शिकला असेल. मी अधूनमधून न सांगता जाऊन स्वतः ठोके देऊन बघते. कधी आमचे आकडे जुळतात, कधी नाही.

मर्यादेबाहेरचा आकडा लिहिणाऱ्यावर त्या आकड्यामुळे कारवाई होणार नाही, असं कंपनीनं लेखी द्यावं, असा अर्ज मी दिलाय. ‘बघू,’ म्हणालेत. पुढचं ऑडिट दिवाळीनंतर आहे.