स्मरणिका कृतिदेवातून युनिकोडात आणताना: माझा अनुभव

इंदूरमधल्या बहुतेक मराठी मंडळांच्या स्मरणिका दोन जागी असतात. जुन्या कपाटात, कागदावर. आणि साधारण २००० नंतरच्या कुठल्यातरी संगणकात, वर्डच्या नाहीतर पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत. कागदाचं काम अवघड आणि संगणकातलं सोपं, असं सगळे धरून चालतात. माझं मत उलट आहे. कागद निदान समोर दिसतो. संगणकातली फाइल उघडते, छापताही येते, पण तिच्यात ‘रामबाग’ शोधा, काही सापडणार नाही.

याचं कारण फॉन्ट. मध्य प्रदेशात डीटीपीवाले वर्षानुवर्षं कृतिदेव वापरत आले, आणि मंडळाचा मराठी मजकूरही त्याच हाताखालून गेला. कृतिदेवात अक्षरं देवनागरी दिसतात, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. ‘रामबाग’ म्हणजे प्रत्यक्षात जे, के, ई, सी, के, एक्स. फॉन्ट काढला की तेवढंच उरतं. म्हणून हा सगळा मजकूर युनिकोडमध्ये (फॉन्ट कुठलाही असला तरी देवनागरीच राहणाऱ्या साठवणीत) आणणं, कागदी अंकांचं ओसीआर करणं (स्कॅन केलेल्या पानातली अक्षरं संगणकाकडून वाचून घेणं) आणि दोन्ही एका फोल्डरमध्ये शोधता येतील असं ठेवणं, एवढं काम आमच्या मंडळासाठी मी हाती घेतलं. त्यासाठी एकही पैसा देऊन सॉफ्टवेअर घ्यावं लागलं नाही. प्रत्येक कामाला एक छोटं टूल, तेही त्याच्या मूळ साइटवरूनच. शोधात सगळ्यात वर येणारी जाहिरात आणि मोठं हिरवं ‘डाउनलोड’ बटण, दोन्हींपासून लांब राहायचं. विंडोज १० किंवा ११ वर विनगेट या विंडोजच्याच कमांडने घेतलं तर ही भानगडच उरत नाही.

आधी डिस्क. जुना संगणक चालू करून लगेच त्यावर काम करायला बसू नये. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघाव्यात: बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), बदलण्याच्या वाटेवरचे सेक्टर आणि वाचताच न येणारे. सी५ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर काहीही इन्स्टॉल करायचं नाही, फक्त कॉपी काढायची, तीही महत्त्वाचे फोल्डर आधी. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला लावायची असेल तर साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पॉवर लागतो. नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही आणि माणसाला वाटतं डिस्कच गेली. जेल रोडवर पॉवरसकट अडॅप्टर मिळतो. घेताना जुन्या रुंद आयडीई पट्टीचा आणि साटाचा, दोन्ही कनेक्टर आहेत ना हे बघून घ्यावं. काही अडॅप्टर डिस्कच्या तब्येतीची माहिती पुढे जाऊच देत नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये डिस्क दिसली नाही तर घाबरू नका, थेट मदरबोर्डला लावून बघा.

कॉपीसाठी टेराकॉपी. विंडोजची नेहमीची कॉपी एका खराब फाइलवर अडकून बसते. टेराकॉपी ती सोडून पुढे जातं, शेवटी राहिलेल्यांची यादी देतं आणि झालेली कॉपी पडताळूनही देतं. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपीची कमांड वापरणाऱ्यांनी आर आणि डब्ल्यू हे दोन स्विच १ वर आणायलाच हवेत. मुळात ते दहा लाख प्रयत्न आणि प्रत्येक प्रयत्नामागे ३० सेकंद थांबणे असे ठरलेले असतात. खराब सेक्टर आला की रोबोकॉपी तिथेच मुक्काम ठोकतं.

मग फायली शोधणं. एव्हरीथिंग हे टूल एनटीएफएस (विंडोजची नेहमीची साठवण-पद्धत) डिस्कची मूळ फाइलसूचीच वाचतं, त्यामुळे लाखभर फायलींतली नावं टाइप करता करता समोर येतात. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीचा असेल तर सेटिंगमध्ये तो फोल्डर म्हणून वेगळा जोडावा लागतो. वर्डची डॉक आणि पेजमेकरची पीएमडी, पी६५, पीएम६ ही एक्स्टेन्शन एकत्र शोधली की सगळा ऐवज एका खिडकीत येतो, डेस्कटॉपवरच्या ‘नवीन फोल्डर (३)’मधलासुद्धा.

पेजमेकर आता कुणाकडे नसतं, पण लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरच्या ४.४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, त्यातल्या ड्रॉमध्ये पेजमेकर ६ ते ७ च्या फायली उघडतात. मांडणी विस्कटते, आपल्याला मजकूर हवा असल्याने ते चालतं. चौकटीमागून चौकट उचलून घ्यायची. एखादा फॉन्ट संगणकावर नसेल तर लिब्रेऑफिस वरच्या पट्टीत त्याचं नाव तिरकं दाखवतं. हे नाव आधी टिपून ठेवा. कृतिदेव, श्रीलिपी, चाणक्य यांची अंतर्गत जुळणी वेगवेगळी आहे; एकाच्या कन्व्हर्टरमध्ये दुसऱ्याचा मजकूर घातला तर लंकेत पोचाल.

कन्व्हर्टर नेटवर पुष्कळ आहेत. त्यांतले बरेचसे म्हणजे साधं एक वेबपान असतं. ते सेव्ह करून नेट बंद असतानाही चालतं का ते बघा, आणि तसंच वापरा. स्मरणिकेत सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर असतात, ते कुणाच्या सर्व्हरवर चिकटवण्याचं काही कारण नाही.

दुसरी खबरदारी: कन्व्हर्टरला फॉन्ट दिसत नाही, नुसती अक्षरं दिसतात. त्यामुळे मधेच आलेला ईमेल पत्ता किंवा कंपनीचं इंग्रजी नावही तो इमानेइतबारे देवनागरी करून ठेवतो. लिब्रेऑफिसच्या ‘शोधा आणि बदला’मध्ये फॉरमॅट बटणातून फॉन्ट कृतिदेव निवडला आणि ‘सगळे शोधा’ केलं की फक्त त्याच फॉन्टमधला मजकूर निवडला जातो. तेवढाच बदलायचा.

आता खरं काम. कृतिदेवात ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी ‘द’च्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती ‘द’नंतर साठवली जाते. रफाराचं उलट: कृतिदेवात तो काना-मात्रेच्याही नंतर येतो, युनिकोडमध्ये जोडाक्षराच्या आधी जावा लागतो. वेलांटी बहुतेक कन्व्हर्टर नीट हलवतात. रफार मात्र फक्त एक अक्षर मागे नेतात, आणि मग ‘कार्यकर्त्यांनी’चं ‘कार्यकत्र्यांनी’ होतं. जुन्या मराठी वेबपानांवर हा प्रकार ज्यांनी पाहिला असेल त्यांना तो कुठून आला ते आता कळेल.

दुरुस्ती नोटपॅड प्लस प्लस या मोफत टेक्स्ट एडिटरमध्ये करावी, फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साठवणीत सेव्ह करून. ‘थ्र्य’ असं काही मराठीत नसतं, म्हणून ‘विद्याथ्र्यांनी’सारख्या ठिकाणी ‘थ्र्य’चं सरसकट ‘र्थ्य’ केलं तरी धोका नाही. ‘त्र्य’ला मात्र सरसकट हात लावायचा नाही. ‘स्वातंत्र्य’ आणि ‘त्र्यंबक’ हे अस्सल शब्द आहेत, आणि मंडळाच्या स्मरणिकेत स्वातंत्र्यसैनिक आणि त्र्यंबकराव दोघेही हमखास असतात. तिथे ‘कत्र्या’चं ‘कर्त्या’ एवढंच बदलावं, बाकीचे एकेक करून.

तसंच ‘ऱ्य’चं. हिंदी वळणाच्या टंकलेखनात तो नसतोच, त्यामुळे ‘करणाऱ्या’ येतं ते ‘करणार्या’ होऊन. ‘र्या’ सगळीकडे बदलला तर ‘मर्यादा’ आणि ‘पर्याय’ बिघडतील. मी ‘णार्या’, ‘दुसर्या’, ‘तिसर्या’, ‘पायर्या’, ‘तर्हे’ असे तुकडे घेऊन बदलले. नव्वद टक्के जागा एवढ्यातच येतात म्हणा ना. उरलेल्या वाचताना दिसतात. ‘ॲड.’चा ‘ॲ’ही तपासा. तो एकसंध अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना फरक कळत नाही, शोधाला कळतो. सगळीकडे एकच रूप करून टाका, नाहीतर निम्मे वकील सापडणार नाहीत.

कागदी अंकांसाठी नॅप्स-टू हे स्कॅनिंगचं टूल. स्कॅनरच्या सोबत येणाऱ्या जडशीळ सॉफ्टवेअरपेक्षा हे शंभर पटींनी बरं. ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), ग्रेस्केल. काळं-पांढरं निवडू नका, फाइल लहान होते पण पिवळ्या पडलेल्या कागदावर बारीक टिंबं उडतात. ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, आणि आठ-नऊ पॉइंटातली मराठी त्यात व्यवस्थित वाचली जाते. फीडर एकाच बाजूने स्कॅन करणारा असेल तर आधी सगळी समोरची पानं, मग गठ्ठा उलटवून मागची घ्यायची, आणि रीऑर्डर मेनूतलं अल्टरनेट इंटरलीव दाबायचं. पानं आपोआप क्रमाने लागतात.

पुस्तकासारखी बांधलेली स्मरणिका असेल तर दोन पानं एकत्र येतात आणि वाकडी येतात. स्कॅन टेलर ती वेगळी करतं आणि सरळ करतं. त्यात शेवटच्या टप्प्यावर डाग काढण्याची सोय आहे, ती बंदच ठेवा. इंग्रजीसाठी ती ठीक. आपल्याकडे ती अनुस्वार डाग समजून पुसते: ‘संघ’चा ‘सघ’, ‘घरांत’चं ‘घरात’. पहिली चूक ओळखू येते. दुसरी कधीच नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत.

नॅप्स-टूच्या आत ओसीआर करतं ते टेसरॅक्ट. एचपीमध्ये १९८५ साली सुरू झालेलं हे इंजिन २००५ साली खुलं झालं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क आल्यावर देवनागरीच्या कामाचं झालं. जुन्या तिसऱ्या आवृत्तीवर चालणारी टूल अजून फिरत असतात, ती मराठीसाठी घेऊ नयेत. ओसीआर सेटिंगमधून मराठीची फाइल उतरवून घ्यायची. लेखांच्या पानांना फक्त मराठी निवडा. सोबत इंग्रजी ठेवलं तर मधेच रोमन अक्षरं घुसतात. सराफ्यातल्या दुकानांच्या हिंदी जाहिरातींची पानं मी ओसीआरमधून वगळली. नक्षीदार अक्षरं, तिरपी मांडणी, हाती भुसा येतो. दुकानाचं नाव फाइलच्या नावात हाताने लिहिणं जलद होतं.

टेसरॅक्ट ठरावीक जागी अडखळतं: ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’, ‘ख’ आणि ‘रव’. आकड्यांत १ आणि ९. म्हणून सभासदांच्या यादीतले आकडे ओसीआरवर सोडू नयेत, समोर कागद धरून वाचावेत. छपाई फारच पुसट असलेली दोन-चार पानं असतील तर ती गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडावीत. ते ओसीआर पुसट मराठीला अधिक चांगलं आहे. चित्र २ एमबीच्या आत असावं, आणि पान खासगी माहितीचं नसावं.

प्रत्येक अंकाच्या दोन फायली ठेवल्या: पीडीएफ आणि साधी टेक्स्ट फाइल. शोध टेक्स्टमध्ये घ्यायचा. नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ दाबून फोल्डर दाखवला की सगळ्या अंकांत एकदम शोध होतो आणि ओळीसकट उत्तर येतं. “आमच्या काकांचा लेख कुठल्या साली आला होता हो?” या प्रश्नाला आता दुसरं काही लागत नाही.

नावं देताना वर्ष आधी: १९९८-स्मरणिका-०१२ अशी. बदल मोठ्या संख्येने करायचे असतील तर पॉवरटॉइजचं पॉवररिनेम पुरेसं आहे. मराठी नावं लांबवू नका. विंडोजमध्ये फोल्डरसकट पूर्ण मार्गाला साधारण २६० वर्णांची मर्यादा अजून बऱ्याच प्रोग्रामांना अडवते, आणि ‘स्मरणिका’ दिसायला चार अक्षरं असली तरी मोजणीत ८ वर्ण आहेत.

एकसारख्या फायली च्कावका शोधून देतं, आधी आकार आणि मग हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) ताडून. ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘फायनल नवीन’ या मात्र तिला वेगळ्याच दिसणार, कारण त्या वेगळ्याच असतात. मी त्या पुसल्या नाहीत, एका उपफोल्डरमध्ये टाकल्या.

बॅकअपला फ्रीफाइलसिंक. ‘मिरर’ पद्धत निवडू नका. इकडे चुकून पुसलं की तिकडचंही जातं. ‘अपडेट’ ठेवा, आणि बदललेल्या जुन्या फायलींसाठी ‘व्हर्जनिंग’. दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या, एक मंडळाच्या कपाटात आणि एक सचिवांच्या घरी.

सगळं झाल्यावर एक तपासणी राहते: फोल्डर अशा संगणकावर उघडायचा ज्यात कृतिदेव कधी घातलाच नव्हता. जिथे बदल राहून गेला तिथे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ चटकन दिसतो. तो बहुधा पानाच्या डोक्यावरच्या वा तळाच्या पट्टीत आणि टेक्स्ट बॉक्समध्ये असतो, कारण वर्डच्या फाइलमध्ये ‘सगळं निवडा’ केलं तरी या जागा निवडीत येत नाहीत. अध्यक्षांचं मनोगत हमखास चौकटीत असतं, तेव्हा तिथूनच बघायला सुरुवात करावी.