तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पोथ्या मी जळू का दिल्या

‘तुमच्या माया लोकांवरच्या कादंबरीत शिबाल्बा नावाचं पाताळ आहे, वटवाघळांचं घर आहे, झाडाला टांगलेलं शिर बोलतं. मग मेक्सिकोतल्या मानी गावी स्पॅनिशांनी जाळलेल्या माया पोथ्या तेवढ्या का जळू दिल्यात?’ हे मला पत्रांतून, फोनवर, अगदी लग्नाच्या पंगतीतही विचारून झालंय. एका काकूंनी तुकोबांची साक्ष काढली. गाथा इंद्रायणीत तरली, आणि हातात लेखणी असून तुला एवढं जमू नये?

जमलं होतं. पहिल्या खर्ड्यात १२ जुलै १५६२च्या आदल्या रात्री लेखनिकाची मुलगी सगळ्या पोथ्या घेऊन युकातानच्या चुनखडीतल्या खोल विहिरीत उतरते आणि त्या शिबाल्बात नेऊन ठेवते. सकाळी स्पॅनिश पाद्री दिएगो दे लांदा जाळतो ती नुसती कोरी साल, वर चुन्याचा थर दिलेली. ते प्रकरण मला फार आवडायचं. ज्यांना वाचून दाखवलं, त्यांनाही आवडलं.

छापायला देण्याआधी शेवटचा हात फिरवताना लांदाचा वृत्तांत पुन्हा उघडला. तो लिहितो की या पोथ्यांत अंधश्रद्धा आणि सैतानाचं असत्य याखेरीज काही नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्या जाळल्या. आणि त्या लोकांना त्याचं विलक्षण दुःख झालं. हे मी आधीही वाचलं होतं. त्या दिवशी मात्र पुढे सरकताच येईना. लांदाला संशय येऊ नये म्हणून माझ्या खर्ड्यात चौकातले लोक रडायचं सोंग करत होते. त्या दुःखाची जाळणाऱ्यानेच केलेली नोंद आपल्यापर्यंत आलीय, आणि मी ते दुःख नाटकी करून टाकलं होतं. लांदाने चालवलेल्या मूर्तिपूजेच्या चौकशीत मनगटांना दोर बांधून माणसं टांगली गेली होती. त्यांच्या समोर माझी विहीर मला सहन होईना. प्रकरण काढलं.

तेव्हाची मी अजून भांडते. म्हणते, जादूचीही गरज नव्हती. दक्षिणेकडे इत्झा मायांची राजधानी नोहपेतेन १६९७पर्यंत स्वतंत्र होती. पोथ्या तिकडे पोचवता आल्या असत्या. खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. पण पोचलेल्या पोथ्या आज कुठे आहेत? मायांच्या सगळ्या मिळून चार पोथ्या उरल्यात, त्यांतल्या तीन युरोपात. आणि ज्या लांदाने जाळल्या, त्यानेच टिपून ठेवलेल्या अक्षरांच्या आधाराने सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव्हने १९५२मध्ये माया लिपी वाचण्याची वाट दाखवली. याचा मला आजही संताप येतो.

काकू, गाथा लोकांच्या तोंडी होती. मायांचंही काही तसं तरलं. ग्वातेमालाच्या किचे मायांनी पोपोल वूह हे आपलं पुराण परक्या रोमन अक्षरांत उतरवून काढलं, ख्रिस्ती अंमलात आम्ही हे लिहितो आहोत असं त्यातच सांगून. शिबाल्बात उतरणारे जुळे भाऊ हुनाहपू आणि श्बालांके मला भेटले ते तिथे. मानीत जे जळलं त्यात काय होतं, हे मात्र कुणाच्याच तोंडी उरलं नाही. तिथे मी माझ्या मनाचं काही भरलं असतं, तर वाचकाला ते गेल्याचं कळलंच नसतं.

प्रकाशक म्हणतात, नव्या आवृत्तीत वगळलेलं प्रकरण परिशिष्ट म्हणून देऊ. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.