प्रकाशाने घट्ट होणारं हायड्रोजेल आणि औषधाचा हिशेब: माझा अनुभव

हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जाळीत, १० मायक्रोग्रॅम डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध घातलं, भोवतालच्या द्रवात निम्मंच आलं आणि सुटलेल्या औषधाचा आलेख आडवा झाला. अशा वेळी ‘उरलेलं औषध जेलमध्येच आहे, सावकाश सुटेल’ असं लिहून टाकण्याचा मोह होतो. मी तसं लिहीत नाही. ते औषध जेलमध्ये असेल, नळीच्या आतल्या बाजूला चिकटलं असेल, किंवा जेल घट्ट करताना प्रकाशानेच मोडलं असेल. कुठे गेलं हे कळत नाही, तोवर ‘सावकाश सुटणारं जेल’ म्हणायला माझ्याकडे आधार नसतो.

मी वापरतो ते जेलमा, म्हणजे मेथाक्रिलेट गट जोडलेलं जिलेटिन. ते बनवताना डायलिसिस, म्हणजे लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या पिशवीत ठेवून धुणं, घाईने उरकू नये. १२ ते १४ किलोडाल्टनच्या पिशवीत, ४० अंशांवर, दिवसातून दोनदा पाणी बदलत ५ ते ७ दिवस. आत उरलेलं मेथाक्रिलिक आम्ल पेशींना विषारी असतं. ते राहिलं, तर औषध नसलेलं जेलही कर्करोगाच्या पेशी मारतं आणि श्रेय औषधाला जातं.

द्रावणाचं प्रमाण असं: १ ग्रॅम सुकं जेलमा, ९ मिलिलिटर पीबीएस (फॉस्फेटयुक्त खारं बफर द्रावण) आणि १० मिलिग्रॅम एलएपी हा प्रकाशारंभक, म्हणजे प्रकाश पडताच जेलमधल्या जोडण्या सुरू करणारा पदार्थ. फॉइल गुंडाळून ५० अंशांवर पूर्ण विरघळू द्यायचं, मग ३७ वर आणायचं. डॉक्सोरुबिसिन थेट पीबीएसमध्ये टाकत नाही. क्षारांच्या संगतीत त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल कण दिसू लागतात. आधी शुद्ध पाण्यात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असं द्रावण करतो आणि त्यातलं १ मिलिलिटर कोमट जेलमात हळूहळू मिसळतो. शेवटी जेलमा साधारण १०%, एलएपी ०.१% आणि औषध मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम होतं. हे औषध पेशीनाशक आहे: दोन थरांचे नायट्राइल हातमोजे, धूरकक्ष आणि वेगळा कचरा, यात सूट नाही.

साचा म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाचं, २ मिलिमीटर जाडीचं भोक पाडलेला सिलिकॉनचा पत्रा, खाली-वर काच. यात १०० मायक्रोलिटर मावतं, म्हणजे चकतीमागे १० मायक्रोग्रॅम औषध. वरची काच गरजेची, कारण हवेतला ऑक्सिजन मुक्त मूलकं, म्हणजे प्रकाशाने एलएपीतून निघणारे आणि जोडण्या घडवणारे अतिक्रियाशील तुकडे, गिळतो आणि उघडा पृष्ठभाग चिकट राहतो. बुडबुडे असतील तर द्रावण कोमट असतानाच सेंट्रिफ्यूजमधून काढावं.

प्रकाश ४०५ नॅनोमीटरचा, चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट, ६० सेकंद. तीव्रता दिव्यावरच्या आकड्यावरून न घेता, चकती ठेवतो त्याच उंचीवर मीटर धरून मोजतो. एलएपी ३६५ वर बरंच जास्त शोषतं, तरी मी ४०५ घेतो: २ मिलिमीटर जाडीत प्रकाश खालपर्यंत जवळजवळ सारखा पोहोचतो. ‘आयर्गाक्युअर २९५९’ हा जुना प्रकाशारंभक ४०५ वर कामाचा नाही, ३६५ वरही तो फार कमी शोषतो.

इथे एक फसवी गोष्ट आहे. जिलेटिन थंड झालं की प्रकाशाशिवायही घट्ट होतं. चकती हातात छान उचलली जाते आणि आपण खूश होतो. म्हणून प्रत्येक खेपेतली एक चकती ३७ अंशांच्या पीबीएसमध्ये तासभर ठेवावी. वितळली तर जोडण्या झालेल्याच नाहीत. औषध घातल्यावर हे जास्त वेळा होतं. डॉक्सोरुबिसिनचा मुख्य शोषणपट्टा ४८० नॅनोमीटरच्या आसपास असला तरी ४०५ वरही ते काही प्रकाश खातं, शिवाय त्यातला क्विनोन भाग मूलकं अडवतो. औषधाविना ठरवलेली वेळ औषधासह चालेल असं धरू नये. वेळ वाढवली तर औषध जास्त मोडतं. ही ओढाताण टळत नाही, मोजावीच लागते.

चकती ५ मिलिलिटर पीबीएसमध्ये, ३७ अंशांवर, हलक्या हलवणीवर, अंधारात. नळी पॉलिप्रोपिलीनची, काचेला डॉक्सोरुबिसिन चिकटतं. झाकणावर पॅराफिल्म, नाहीतर पाणी उडून औषधाचं प्रमाण वाढल्यासारखं दिसतं. दर वेळी १ मिलिलिटर काढून तेवढंच ताजं घालायचं आणि आधी काढलेल्या प्रत्येक मिलिलिटरमधलं औषध बेरजेत धरायचं. ही बेरीज विसरली की आलेख मध्येच खाली उतरतो, आणि एकत्रित आलेख खाली उतरूच शकत नाही. सगळं औषध सुटलं तरी मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमच होतात, त्यामुळे ४८० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून ५९० वर औषधाची स्वतःची चमक मोजता येते. दाट द्रावणात रेणू एकमेकांची चमक विझवतात, तिथे आकडा खोटा कमी येतो.

पहिल्या काही तासांत मोठा लोंढा येतो, त्याचं आश्चर्य नको. जेलच्या जाळीची भोकं काही नॅनोमीटरपासून पुढे आणि हा रेणू त्याहून लहान. निव्वळ जाळी घट्ट करून तो थांबत नाही. त्याला धरणारं काही आत हवं: ऋणभारित हायलुरोनिक आम्ल, लॅपोनाइट माती किंवा लायपोसोम (मेदाच्या सूक्ष्म पिशव्या).

आता हिशेब. प्रयोगाच्या शेवटी चकती कोलॅजिनेज या जिलेटिन तोडणाऱ्या विकराने पूर्ण विरघळवतो, कॅल्शियम असलेल्या ट्रिस बफरमध्ये, कारण कॅल्शियमशिवाय हे विकर नीट चालत नाही. या मोजणीची प्रमाणरेषा (चमकेवरून औषधाचं प्रमाण सांगणारी रेषा) औषधाविना जेल त्याच विकराने विरघळवून, त्यातच ठरावीक प्रमाणात औषध मिसळून काढावी. सोबत तीन साक्षीदार नमुने: पहिला, जेलमाशिवाय औषध व एलएपी, तेवढ्याच प्रकाशात; दुसरा, नुसतं औषध, तेवढ्याच प्रकाशात; आणि तिसरा, नुसतं औषध पीबीएसमध्ये, ३७ अंशांवर, अंधारात, प्रयोग चालेल तितके दिवस. पहिल्यातली घट दुसऱ्यापेक्षा जास्त असेल तर दोष मूलकांचा, एलएपी कमी करून पाहावं. तिसऱ्यात घट दिसली तर औषध आपोआप मोडतंय किंवा नळीला चिकटतंय. रिकाम्या केलेल्या नळीत आम्लयुक्त इथेनॉल फिरवून ते मोजलं की त्या दोन्हींतलं कुठलं, हेही कळतं.