आज संध्याकाळपर्यंत

१४ मे २०२५, बुधवार, दुपारचे पावणेतीन. तारखेने सुरुवात करण्याची मला खोड आहे, तिच्याबद्दल पुढे येईलच. आंब्याची कोय चोखत बसले होते, हात मनगटापर्यंत बरबटलेले, आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. करंगळीने कसाबसा उचलला.

"ताई, मी निघालोय. नळ स्टॉपच्या सिग्नलला आहे. कितव्या मजल्यावर यायचं?"

मागे हॉर्नचा कल्ला. मला वाटलं कुरिअरवाला.

"काय आहे?"

"बी निगेटिव्ह."

कोय ताटलीत ठेवली. "दादा, गाडी जरा बाजूला घेता का?"

तर झालंय असं, की २०२१च्या एप्रिलमध्ये मी एक मेसेज लिहिला होता. भाताच्या दोन शिट्ट्या झालेल्या आणि तिसरी व्हायची होती, तेवढ्यात अंगठ्याने टाइप केला. 'तातडीने! बी निगेटिव्ह रक्त हवे आहे. दोन पिशव्या. आज संध्याकाळपर्यंत. कृपया पुढे पाठवा.' खाली हॉस्पिटलचं नाव आणि माझा नंबर. नातेवाइकांचा फोन सारखा एंगेज लागायचा, म्हणून माझा दिला. सगळं लिहिलं, फक्त तारीख लिहिली नाही. लोकांनी अर्थातच कृपा केली आणि पुढे पाठवला. अजून पाठवतायत. ती 'आज संध्याकाळ' चार वर्षं झाली तरी मावळलेली नाही.

पहिल्या दोन दिवसांत पासष्टेक फोन आले. मग महिन्याला पाचसहा, मग सणासुदीला एखादा, जसे दूरच्या नातेवाइकांचे येतात तसे. नांदेडहून आले, बेळगावहून आले, एकदा मस्कतहून एका काकांचा आला. ते म्हणाले, मी नाही येऊ शकत पण माझा पुतण्या पिंपरीत असतो, उठवू का त्याला? रात्रीचे साडेबारा वाजले होते. एका बाईंनी मला फसवी ठरवून दहा मिनिटं झापलं. शेवटी श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा विचारलं, "पण खरंच लागत असेल तर सांग, माझ्या मुलाचं बी निगेटिव्हच आहे." पण आधीच निघालेला माणूस आजवर भेटला नव्हता. हा पहिलाच.

आमच्याकडे तारखेचं वेड आजोबांचं. बल्ब बदलला की होल्डरशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने तारीख. बॅटरीत सेल घातले की त्यांच्या पोटावर चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर तारीख. लोणच्याच्या बरणीवर, घड्याळाच्या पाठीवर, नव्या चपलेच्या आतल्या बाजूला. चपलेवरची दोन महिन्यांत पुसली जायची, मग 'तारीखसुद्धा टिकत नाही असला माल' म्हणून दुकानदाराचा उद्धार व्हायचा. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गॅस लावल्याची तारीख, दुधाचे खाडे आणि जादा अर्धा लिटर हे सगळं तर कुणाच्याही घरी असतं. आमच्याकडे 'पाल दिसली, फ्रिजमागे' हेही असायचं. तारखेसकट असल्यामुळे ती तीच पाल की दुसरी, यावर वाद घालता यायचा.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक संतोषी मातेचं पोस्टकार्ड होतं. हे पत्र एकवीस जणांना पाठवा, अमक्याने पाठवलं त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडलं त्याचा बैल मेला, असलं. आजोबांनी ते पुढे पाठवलं नाही आणि फाडलंही नाही. श्रद्धा-अंधश्रद्धेचा प्रश्नच नव्हता. त्यांनी कोपऱ्यात लाल शाईने लिहून ठेवलं होतं: 'तारीख नाही. बैल कधी मेला?'

मी दहावीत असताना आजोबा गेले. कधी, ते मला तारखेसकट सांगता येतं, पण इथे नको.

कॉलेजात मी एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव घातलं ते सेवाभावाने वगैरे नाही. मैत्रिणीने घातलं म्हणून, आणि दहा मार्कांचं आमिष होतं. दोन वर्षांत २४० तास भरायचे. तास भरायचे म्हणजे वहीत भरायचे: तारीख, काम, किती ते किती, सरांची सही. माझी वही इतकी चोख होती की सर ती नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवायचे. काम किती चोख होतं ते त्यांनी दाखवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

बॅजवर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, स्वयंसेवक आठही प्रहर तयार हवा, असं सरांनी उद्घाटनाच्या दिवशी समजावून सांगितलं. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, ही योजना सुरू झाली तेव्हा ३७ विद्यापीठं होती, हेही सांगितलं. सभागृहात पंखा छान लागत होता. आम्ही आठापैकी अर्धा प्रहर तिथेच झोपलो.

डिसेंबर २०१९चा कॅम्प पुरंदर तालुक्यातल्या एका गावात. सात दिवस, मुक्काम शाळेत, काम वनराई बंधाऱ्याचं. पहिल्या सकाळी आम्ही ओढ्यावर पोचलो आणि दोन तास नुसते बसून राहिलो, कारण बॅनर यायचा होता. बॅनरशिवाय काम सुरू केलं तर फोटो कशाचा काढणार? ओढा बिचारा शांतपणे वाहत होता. बॅनर आला, त्यावर कॉलेजचं नाव चुकलेलं निघालं, ते दोघांनी अंगठ्यांनी झाकलं आणि फोटो झाला. मग माणसांची साखळी करून पोती एका हातातून दुसऱ्या हातात न्यायचा व्हिडिओ. एकच पोतं तीन वेळा गेलं, कारण पहिल्यांदा कुणीतरी शिंकलं आणि दुसऱ्यांदा ऊन मागून होतं. मी नाकं मुरडते खरी, पण तिसऱ्या वेळेला केस नीट करून उभी होते, हे त्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

काम खरं सुरू झालं ते दुपारी, फोनच्या बॅटऱ्या संपल्यावर. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. एकीने तोंड फाकवून धरायचं, दुसरीने फावड्याने माती ओढायची. आम्ही जोशात गच्च भरत होतो. काठावर बसलेले एक बाबा बराच वेळ बघत होते. शेवटी राहवेना म्हणून उठले आणि एका गोणीला पायाने ढोसलं. ती गडगडत खाली गेली. "गच्च भरू नका गं. बसत नाय मग. पोत्याला अंग टाकाया जागा पायजे." मग पाऊण भरायला शिकलो. दाभणात सुतळी ओवून तोंड शिवायला शिकलो. भिंतीतल्या विटांसारखे सांधे चुकवून गोण्या रचायच्या आणि फटींत चिखल दाबायचा. संध्याकाळी पाणी वितभर चढलं तेव्हा कुणीच फोटो काढला नाही. सगळ्यांचे हात चिखलात होते.

वनराई बंधारा एका हंगामापुरताच असतो, पुढच्या पावसात जातो. आमचाही गेला असणार. फोटो मात्र दर डिसेंबरला 'आठवणी' म्हणून वर येतो आणि त्याखाली कुणीतरी नव्याने लिहितं, 'ग्रेट वर्क टीम, असंच पाणी अडवत राहा.'

त्या कॅम्पचा ग्रुप पुढे वाढदिवस आणि गुड मॉर्निंगवर जगत होता. एप्रिल २०२१मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो एका रात्रीत जागा झाला. कुणाच्या तरी वडिलांना ऑक्सिजनचा बेड हवा होता. दुसऱ्या दिवशी कुणाला काय हवंय त्याची ऑनलाइन शीट तयार झाली. तिसऱ्या दिवशी एकाचा अमेरिकेतला मामेभाऊ सामील झाला, कारण आपली रात्र म्हणजे त्याचा दिवस. सरांचे आठ प्रहर असे भरून निघाले, आणि तेही वहीत न भरता. माझी पाळी पहाटे दोन ते सहा. ट्विटरवर शोधायचं, नंबर उतरवायचे, फोन करायचे. वाजतोय, उचलत नाहीत. उचलला, बेड नाही. उचलला, होता, आत्ताच गेला. जो तो माहितीला 'व्हेरिफाइड' चिकटवायचा, आणि 'व्हेरिफाइड' शिळं व्हायला तासही लागायचा नाही. तेव्हा मी आजोबांची नात झाले. ग्रुपवर दटावून लिहिलं: वेळ नसलेली माहिती टाकू नका. 'व्हेरिफाइड, २२ एप्रिल, पहाटे ४.१०' असं लिहा. पोरांनी माझं नाव 'पंचांग' ठेवलं.

बी निगेटिव्हचा तो मेसेज त्याच्या तीन दिवस आधीचा. १९ एप्रिलचा. म्हणजे पंचांगाच्या जन्माआधीचा.

त्याच वर्षी मे महिन्यात प्लाझ्मा कोरोनाच्या उपचारांच्या यादीतून काढून टाकला, तरी 'प्लाझ्मा हवा'चे मेसेज पुढे कित्येक आठवडे फिरत राहिले. मावशीच्या ग्रुपवर हरवलेल्या एका मुलाचा फोटो अजून येतो. त्याला आता मिसरूड फुटलं असेल. तो स्वतःही तो फोटो कुणाला तरी पाठवत असेल, 'शेअर करायला पैसे लागत नाहीत' असं लिहून. रक्ताची पिशवी घ्या. तिच्यावर तारीख असते: काढल्याची आणि संपल्याची. तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस, प्लेटलेट पाच. रक्ताच्या मेसेजला तसलं काही नाही.

मी स्वतः मात्र रक्त दिलेलं नाही. म्हणजे गेले होते. १८ वर्षांवरच्यांची लस सुरू व्हायच्या बेतात होती आणि लस घेतली की काही दिवस रक्त देता येत नव्हतं, म्हणून 'आधी रक्त, मग लस' असा आम्हीच धोशा लावला होता. मग स्वतः न जाऊन कसं चालेल? शिबिरात बोट टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या पाण्यात सोडतात. बुडाला तर तुम्ही चालता. तो निळा रंग माझ्या ओळखीचा होता. आजोळी द्राक्षांवर फवारायला मामा मोरचूद-चुना कालवायचा आणि आम्हाला लांब हाकलायचा. माझा थेंब त्या निळ्या पाण्यात उतरला, मध्येच थांबला, जरा विचार केल्यासारखं केलं आणि सावकाश वर आला. "पालक खा, गूळ-शेंगदाणे खा," सिस्टर म्हणाल्या आणि हातात बिस्किटाचा पुडा दिला. दात्यांसाठीचा. तो मी खाल्ला. दोनशेहून जास्त लोकांना रक्त द्यायला पाठवणारी मी, आणि माझं रक्त तरंगतं.

असो. नळ स्टॉपला माणूस उभा आहे.

त्याला सगळं सांगितलं. गाडी बाजूला घेतलेली असावी, हॉर्न लांब गेले होते. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. आता मला झापणार असं धरून मी फोन कानापासून जरा दूर नेला.

"दोन हजार एकवीस?"

"हो. सॉरी. तारीख टाकायची राहिली."

"म्हणजे मी तेव्हा बारावीत." पुन्हा शांतता. "पण मग मिळालं का त्यांना?"

"मिळालं. दोन्ही पिशव्या."

"पेशंट बरे झाले ना?"

आमच्या शीटमध्ये लाल म्हणजे शोध चालू, पिवळं म्हणजे बोलणी चालू, हिरवं म्हणजे मिळालं. ओळ हिरवी झाली की तिच्याकडे पुन्हा बघायचं नाही, पुढची घ्यायची. तेव्हा तेवढंच शक्य होतं, आणि खरं सांगायचं तर विचारायची हिंमतही नव्हती. दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा नको तेच कळलं. तेव्हापासून त्या प्रश्नाला आमच्याकडे रकाना नाही.

"बहुतेक," मी म्हटलं.

"बरं." मग गाडीची किल्ली वाजली. "आता आलोच आहे तर कुणाला तरी देऊन जातो की. सुट्टी टाकलीये अर्ध्या दिवसाची."

मे महिना. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, रक्तपेढ्या दरवर्षीसारख्या हातघाईवर आलेल्या. त्यातून बी निगेटिव्ह. जवळच्या रक्तपेढीचा पत्ता सांगितला, जेवून जा म्हणून सांगितलं, गेल्या तीन महिन्यांत दिलं नाहीये ना हेही विचारलं. साडेपाचला त्याचा फोटो आला: कोपराच्या खाचेत कापसाचा बोळा, दुसऱ्या हातात बिस्किटाचा पुडा. नंबर सेव्ह केला. 'बी निगेटिव्ह, नळ स्टॉप, १४ मे २५.' त्याला परत बोलावता येईल ती तारीख मोजून कालनिर्णयवर लिहायला गेले, तर आईने त्या चौकोनात आधीच लिहून ठेवलं होतं, 'गवारी निवडून ठेवणे'. ऑगस्टातली गवारी मेमध्ये कशी ठरते, देव जाणे. बाजूला जागा होती, तिथे लिहिलं.

मग ती शीट उघडली. अजून उघडते. एकसष्टावी ओळ, हिरवी. शेजारच्या रकान्यात पेशंटच्या मुलीचा नंबर. माझ्याएवढीच होती. फोनवर सारखं 'सॉरी हं' म्हणायची. चार वर्षांनी फोन करून म्हणायचं काय? की तुमच्यासाठी आज एक जण आला होता?

हात धुतलेले नव्हते. आंबा बोटांवर वाळून चिकट झाला होता. म्हटलं, आधी हात धुऊ, मग बघू. उद्या करू.

उद्या म्हणजे किती तारखेला, ते कुठे लिहिलेलं नाही.