कधी कळलं तुला?

२० सप्टेंबर, रात्री साडेअकरा

आज हार्डवेअरवाल्या काकांना फोन केला एकदाचा. त्यांच्या दुकानाचं जीएसटीचं काम माझ्याकडे आहे. वाटलं होतं ओरडतील. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "कधी कळलं तुला?"

चूक कशी झाली ते मी घोकून ठेवलं होतं. मे महिन्यात पत्र्याचं एकच बिल दोनदा चढलं, एकदा ०१४७ आणि एकदा नुसतं १४७. सॉफ्टवेअरला ती दोन बिलं वाटली. टू-बीत, म्हणजे विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांच्या यादीत, एकच होतं, पण २० जूनला मी ते न जुळवताच थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरलं. ४०,५०० रुपयांचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, जास्तीचं घेतलं गेलं, वापरलंही गेलं. हे सगळं सांगायची तयारी होती. 'कधी'ची नव्हती.

कळलं ऋषिपंचमीला. तेवीस दिवस झाले. ऐन गणपतीत कशाला, म्हणून थांबले. विसर्जन झालं तर पितृपक्ष लागला. तेवढ्यात टॅक्स ऑडिटच्या फायली लावल्या, माळ्यावरचे २०१७ पासूनचे गठ्ठे उतरवून वर्षवार बांधले. काकांनी दुसऱ्याच कामासाठी दोनदा फोन केला, तेव्हाही बोलले नाही. फोन ठेवला की पोटात गोळा. तीस पार्ट्यांचे हिशेब, मी एकटी, माझ्याकडे बघायला कुणाला वेळ आहे, असं मनाशी रडून झालं. ते खोटंही नाही. पण टू-बी मी जुळवलं नव्हतं.

आणि आज धीर आला असंही नाही. आज २० तारीख, रिटर्नचा दिवस. जास्तीचं क्रेडिट रिव्हर्स केलं, म्हणजे परत फिरवलं, की चलन तेवढ्याने वाढणार, ते काकांना न सांगता कसं भरायचं? वर १८ टक्क्यांनी व्याज, १,८३७ रुपये. त्यातले साधारण ४६० माझ्या गप्प बसण्याचे. दिवसाला वीस.

"ऋषिपंचमीला," मी म्हणाले.

पलीकडे कुणीतरी दीड इंची खिळे मागत होतं. खिळे तराजूत ओतल्याचा आवाज आला. काकांनी त्याला सुट्टे दिले, मग म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतंस तर पैसे होते गं हातात. परवाच माल उचलला."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेवीस दिवस मी फक्त त्यांच्या रागाचा विचार करत होते, म्हणजे माझाच. त्यांच्या गल्ल्याचा एकदाही नाही.

व्याज मी भरते म्हटलं. "ते नंतर बघू. चलन पाठव." साडेआठला कुणाकडून तरी उसने घेऊन त्यांनी पैसे भरले. कुणाकडून, ते विचारायची हिंमत झाली नाही. दहाच्या आत रिटर्न गेलं.

आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवले. आईने काही विचारलं नाही, दुसरी भाकरी वाढली.

ज्यांच्या ऑफिसात काम करते त्या सरांना अजून सांगायचंय. उद्या रविवार, त्यात सर्वपित्री, त्यांच्या घरी गडबड असणार, असं मनात आलंच. पान वाढायच्या आधी, साडेआठला फोन करते. तेही विचारतील, कधी कळलं.