शार्लटचा रंग

शार्लट सेल्बीला काय वाटत असेल, हा एकच विचार दुपारपासून पाठ सोडत नाहीये. सिनेनटी मर्ल ओबेरॉन लंडनमध्ये नाव कमावत होती, घरी सिनेमावाल्यांची ऊठबस होती, आणि जिने तिला आई म्हणून वाढवलं ती सावळी शार्लट त्यांच्यासमोर मोलकरीण म्हणून वावरायची. १९३७ साली शार्लट गेली. पुढे १९४९ मध्ये मर्लने जुन्या फोटोवरून तिची चित्रं काढून घेतली, वर्ण उजळ करायला सांगून. आणि मरेपर्यंत ती घरात लावून ठेवली. हेच मला छळतंय. आई नकोशी असती तर चित्रं कशाला काढून घेतली असती?

आज आईच्या पंचाहत्तरीचे फोटो आले. फोटोग्राफरने न विचारता तिला गोरीपान करून टाकलंय. हनुवटीवरचं गोंदणही गेलं. आई खूश. "बघ, किती छान आलेय मी." मला पुढे बोलवेना. माझ्या लग्नाच्या वेळी जे झालं ते... जाऊ दे.

शार्लट खरी तर मर्लची आजी. जिला मर्ल बहीण समजायची ती शार्लटची लेक कॉन्स्टन्सच तिची आई, मर्ल झाली तेव्हा स्वतःच लहान पोर. म्हणजे नातीला लेक म्हणून वाढवायचं आणि मग तिच्याच घरी नोकर व्हायचं. शार्लटने हे कसं सोसलं असेल?

मर्लचा जन्म मुंबईचा, १९११ चा. जगाला सांगितला ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा. १९७८ साली टास्मानियातल्या होबार्टला तिच्यासाठी स्वागतसमारंभ झाला, तिथे मात्र ते सोंग तिला धड निभावता आलं नाही. पुढच्याच वर्षी ती वारली. कॉन्स्टन्सच्या मुलाला, हॅरीला, मुंबईच्या दप्तरात तिचा जन्मदाखला सापडला होता. तो लॉस एंजेलिसला भेटायला गेला, तिने भेट नाकारली.

मला तिचा फार राग यायचा. आज तो धरवत नाही. गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायलाच ज्या हॉलिवूडमध्ये बंदी होती, तिथे आपल्या मिश्र वंशाचं खरं सांगितलं असतं तर 'द डार्क एंजल' हा सिनेमा मिळाला असता का? ऑस्करचं नामांकन? २०२३ मध्ये आशियाई वंशाची मिशेल यो सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर जिंकली तेव्हा कुठे लोकांना मर्लच्या त्या नामांकनाची आठवण झाली. शार्लटलाही हे कळत असणार. कदाचित मोलकरीण व्हायचं तिनेच सुचवलं असेल. आई करते असं.

रविवारी आईला मर्लचा 'वुदरिंग हाइट्स' दाखवणार आहे, १९३९ चा. सुरू व्हायच्या आधीच सांगणार, ही कॅथी आपल्या मुंबईची.