रोटोरुआची काळी जोडवी

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआला गाडीचं दार उघडताच नवऱ्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "मी नाही रे, हे गावच असं आहे!" जमिनीतून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा तो सडक्या अंड्यांचा वास. दुसऱ्या दिवसापासून तो जाणवेनासा होतो, म्हणजे नाकानेच हात टेकलेले असतात.

ऑकलंडचे तीन दिवस पावसात गेले, सोडा ते. इथे राफ्टिंगचा हट्ट त्याचा, गरम कुंडांचा माझा. दोन्ही एकाच दिवसात उरकायचं ठरलं.

काइटुना नदीवरचा टुटेआ धबधबा 7 मीटरचा. ऐकताना काहीच वाटत नाही. वरून बघा मग! त्याच्या आधी राफ्ट शांत पाण्यात थांबली आणि आमच्या माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या, गाइडने कराकिया म्हणजे त्यांची प्रार्थना म्हटली. इथल्या कड्यांतल्या गुहांत लढायांच्या काळात बायकामुलांना लपवत, हेही तिनेच सांगितलं. मला तेव्हा तिथेच लपावंसं वाटलं.

"गेट डाऊन!" वल्हं आत, बूड राफ्टच्या तळाला, दोरी मुठीत. राफ्ट नाकावर पडली. आधी हिरवं, मग पांढरं, मग काहीच नाही. कानांत नुसती घरघर. वर आलो तेव्हा मी नवऱ्याच्या मांडीवर होते आणि घशात अर्धी नदी. तो म्हणतो, मी किंचाळले. मला तर आवाजच फुटला नव्हता.

दुपारी कुंडावर पाटी: डोकं पाण्याखाली घालू नका. सकाळच्या त्या डुबकीनंतर हसूच आलं. मग कारण वाचलं. गरम पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. त्यानंतर तासभर बगळ्यासारखी मान ताठ! पण खांदे सैल झाले, वल्ह्याने आखडलेली बोटं उघडली. शेजारचा एक इसम पाण्यात उभा राहून फोनवर जोरजोरात बोलत होता, तेवढंच खटकलं.

पाटीवर आणखी एक ओळ होती: चांदीचे दागिने काढून ठेवा. राफ्टिंगच्या बुटांत पाय सुजलेले, जोडवी काही निघेनात. म्हटलं, होऊन होऊन काय होणार?

संध्याकाळपर्यंत दोन्ही तव्यासारखी काळी. सल्फाइडने चांदीवर पुटं चढवली होती. रात्री खोलीवर साबण लावून ती एकदाची काढली आणि टूथपेस्टने घासत बसले. एक उजळलं. दुसरं अजून तसंच आहे.